गुणी पोर

आमचं संशोधन थायरॉईडवर आहे असं सांगितलं की माणसं लगेच आपापला गळा चाचपायला लागायची. जीपमधल्या बायका, चेकपोस्टवरचा फॉरेस्टचा गार्ड, जोयड्याच्या हॉटेलात भजी तळणारा, सगळे. कुणाचं वजन वाढलेलं असायचं, कुणाचे केस गळत असायचे. गार्डची बायको फार चिडते म्हणून त्याला तिच्यासाठी गोळी हवी होती. मी सांगून सांगून थकले, की बाबांनो, हे मोठ्या माणसांचं नाही, तान्ह्या बाळांचं आहे. त्यावर हमखास पुढचा प्रश्न, "तान्ह्या पोराला कुठला आलाय वो थायरॉईड?"

येतो. आणि आला की गळ्यावर गाठ दाखवत येत नाही, हीच तर खरी पंचाईत. काही बाळांच्या गळ्यातली ती ग्रंथी जन्मापासूनच नीट काम करत नाही. बाळ दिसायला चांगलं असतं, दूध पितं, झोपतं, घरचे खूश असतात. पण मेंदू वाढायला जो रस लागतो तो ग्रंथीतून येतच नसतो. पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर तेच मूल चारचौघांसारखं वाढतं, शाळेत जातं, उनाडक्या करतं. उशीर झाला तर मेंदूचं जे नुकसान व्हायचं ते होऊन बसतं, मग पुढं पोतंभर गोळ्या घाला. ओळखायची पद्धतही फार अवघड नाही. टाचेला बारीक टोचायचं, जाड कागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे, कागद वाळवून शहरात तपासायला पाठवायचा.

शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाला दोन गोष्टी बघायच्या होत्या. कर्नाटकातल्या आमच्या जोयड्यासारख्या जंगलातल्या तालुक्यात प्रत्येक बाळाचं रक्त असं तपासता येतं का, आणि दोष सापडलेल्या बाळापर्यंत औषध वेळेत पोचतं का. त्या कामावर मी नर्स होते. राहायला रामनगरात, फिरायला अख्खा तालुका. रक्त घेण्यात काही अडचण आली नाही. बाळ दवाखान्यात जन्मतं, टाच त्याच्याबरोबरच असते. अडचण त्यानंतरची. "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे असेल तर माझ्या चपला बघा," असं मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं होतं. कुणी हसलं नाही.

एका दुपारी शहरातून मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे या संशोधनाच्या मुख्य डॉक्टर, ग्रंथींच्या आजारातल्या तज्ज्ञ, हुशार आणि मनानं चांगल्या, पण जोयडा त्यांनी नकाशावरच पाहिलेला. मी पाठवलेल्या कागदांपैकी एका मुलीच्या रक्तातला आकडा फार वर गेला होता, म्हणजे ग्रंथी काम करत नसणार. "ताबडतोब शोधा. संध्याकाळपर्यंत शिरेतलं रक्त माझ्याकडे पाहिजे." संध्याकाळपर्यंत! त्यांना वाटत असावं, जोयडा म्हणजे इस्पितळाच्या मागचा वॉर्ड, लिफ्टनं खाली उतरलं की आलं. मी "हो मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाळाची माहिती म्हणून माझ्याजवळ काय होतं? आईचं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं गाव, नवऱ्याचा फोन. बाळाच्या नावाची जागा रिकामी, कारण बारसं व्हायचं होतं. ज्यानं हा फॉर्म बनवला त्याला वाटलं असेल, बाई म्हणजे नवऱ्याच्या घरी राहणारी वस्तू, तिथं गेलं की मिळते. नवरा गोव्यात कुठल्याशा हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता. त्याचा फोन दिवसभर बंद. गाव कॅसलरॉकच्या अलीकडचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेल्वे धरली, स्टेशनवरून चालत गेले, तर घराला कुलूप. अंगणात एक कोंबडी तेवढी होती.

शेजारीण धुणं धूत होती. तिला विचारलं.

"ती? ती म्हायेरी गेलीया बाळंतपनाला. सासू पोराकडं गोव्याला. त्याला जेवन करून घालाय."

"माहेर कुठलं?"

"तिकडं, बाजारकुणंगच्या फुडं. कुठली वाडी ते न्हाई बा ठावं."

अर्थात माहेरी! पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त फॉर्म बनवणाऱ्याला. मी रागारागानं स्टेशनवर परत आले, तर रेल्वे उशिरा. तिथं बसून मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "या आठवड्यात मिळाली नाही तर 'संपर्क तुटला' म्हणून नोंदवावं लागेल." तशी एक सोय आमच्या संशोधनात होती. जे बाळ सापडत नाही ते त्या रकान्यात टाकायचं आणि पुढच्या बाळाकडं वळायचं. संपर्क तुटला म्हणे. बाळ आईच्या कुशीत मजेत झोपलंय, त्याचा कुणाशीच संपर्क तुटलेला नाही. मी फोन जरा जोरातच बंद केला.

बाजारकुणंगला जीपनं जायचं म्हणजे जीप भरेपर्यंत थांबायचं. ड्रायव्हरला मी सांगितलं, बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "व्हय व्हय, आनी दोघं येऊ देत." चेकपोस्टवर गार्डनं माझा रक्त ठेवायचा बर्फाचा डबा उघडायला लावला. डब्यात बर्फ बघून त्याची निराशा झाली. पुढं पायवाट, आणि एकेक वाडी विचारत जायचं. भात कापणीचे दिवस होते. शेतात माणसं होती, पण विचारावं तर सगळ्यांचं एकच उत्तर, त्या नावाची कुणी नाही. तिथली आशाताई असती तर तिनं डोळे मिटून घर दाखवलं असतं. पण आशाताई स्वतःच्याच मुलीच्या बाळंतपणासाठी खानापूरला गेली होती. आता यावर माणसानं चिडायचं तरी कुणावर?

एका वाडीतल्या शेवटच्या घराच्या पडवीत एक बाई सुपारी सोलत बसली होती. पन्नाशीची असेल, काटक, डोक्यावरून पदर. मी नाव सांगितलं, अमक्याची बायको, अमक्या गावची.

"त्या नावाची आमच्यात कोन न्हाई," ती म्हणाली. "बसा. च्या घ्या."

मी बसले. पाय माझे राहिले नव्हते. तिनं बिनदुधाचा चहा दिला, उकडलेला कोन दिला, म्हणजे इकडचा कंद, मीठ-मिरची दिली. मी खात होते आणि तिला समजावत होते. एक तान्ही मुलगी आहे, तिला एक गोळी मिळाली नाही तर तिचं डोकं कधीच नीट चालणार नाही, कुणी ऐकलं तर मला निरोप द्या. ती सुपारी सोलत "व्हय का", "अरारा" म्हणत होती. चांगला अर्धा तास मी तिथं होते. घरात कुठं हूं की चूं नाही. निघताना तिनं मला पिशवीत कोन बांधून दिले.

संध्याकाळी रामनगरला पोचले आणि नवऱ्याचा फोन लागला. मागं भांड्यांचा खणखणाट. मी सगळं सांगितलं. तो गोंधळला.

"मग ती तितंच हाय की. शेवटचं घर, पडवीला निळा पत्रा."

"मी त्याच घरात चहा प्याले. त्या म्हणाल्या, या नावाची कुणी नाही."

"आता ह्या नावानं तिला तितं कोन वळखनार, अक्का? हे नाव आमी लग्नात घातलेलं," तो म्हणाला. वेड्या माणसाला समजवावं तशा सुरात.

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलेलं नाव. कागदोपत्री तेच, दवाखान्यात तेच, आणि माहेरच्या वाडीत त्या नावाला कुत्रंही ओळखत नाही. मीसुद्धा लग्नात नाव बदललेली बाई. माझ्या माहेरी माझं आताचं नाव विचारत कुणी गेलं तर गावातले निम्मे लोक सांगतील, अशी इथं कुणी नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक आहे, गोव्यातल्या त्या नवऱ्याला ठाऊक आहे. पण त्या सुपारी सोलणाऱ्या बाईला काय झालं होतं? जावयाचं नाव तर तिला कळलं होतं. त्याचं गाव कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढं उभी राहिले तेव्हा माझा आवाज चढलेलाच होता. "मावशी, काल खोटं का बोललात?"

"खोटं कुठं बोल्ले? तुमी त्या नावाची हाय का इचारलं. त्या नावाची न्हाई. माझ्या लेकीचं नाव येगळं हाय."

"पण घरात तान्हं आहे हे—"

"बारशाच्या आदी परक्या मानसापुडं तान्ह्याचं नाव काडत न्हाईत," ती म्हणाली. "आनी तुमी रगात घ्याला आलेला. दवाखान्यात येकदा टाच फोडलीच हाय की तिची."

एवढी पायपीट, एवढे फोन, आणि ती बाई पूर्ण वेळ मला कोन भरवत होती. बाळ आतल्या खोलीत, भिंतीच्या पलीकडं, माझ्यापासून चार हातांवर होतं. त्या अर्ध्या तासात ते एकदा रडलं असतं तरी मी उठून आत गेले असते. रडलं नाही.

आत अंधार होता, शेगडी होती, ओवा-धुपाचा वास होता. बाळंतीण विशीतली, हडकुळी पोरगी. बाळाला घेऊन मला दाखवताना तिची आई एकदम मऊ झाली. "बघा कशी हाय. कवा रडत न्हाई, कवा तरास न्हाई. दिवसभर झोपतीया. दूद पाजायलाबी उठवावं लागतंय. सगळी म्हनत्यात, काय गुनी पोर हाय."

गुणी पोर माझ्या मांडीवर आलं. चेहरा फुगीर, रंग अजून पिवळट, बेंबी वर आलेली, जीभ ओठांच्या बाहेर डोकावणारी. हातपाय गार. घरच्यांना जे जे गोड वाटत होतं ते ते सगळं आजाराचं लक्षण होतं. मी शिरेतून रक्त घेतलं. सुई टोचली तरी तिनं फक्त तोंड वाकडं केलं आणि घोगरा, बारीक आवाज काढला. मला बाळाला सुई टोचताना कधी वाईट वाटत नाही, सवय झालीय. त्या दिवशी ती किंचाळली असती तर मी तिचा मुका घेतला असता.

वाडीच्या वर एका टेकाडावर थोडं नेटवर्क यायचं. तिथं जाऊन मॅडमना फोन केला. रक्ताचा निकाल यायची वाट न बघता गोळी सुरू करा, त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "नवरा-बायको नात्यातले आहेत का?" हा दोष कधी कधी घराण्यातूनच येतो, नात्यातल्या लग्नात जास्त. मी खाली येऊन विचारलं.

"नात्यातलीच की," बाळंतिणीची आई म्हणाली. "माझ्या नंदंच्या घरातच दिलीया. सख्खा आत्तेभाव."

मी त्यांना गोळी शिकवली. चमच्यात ठेवायची, दुसऱ्या चमच्यानं चुरायची, आईच्या दुधाचे थेंब घालून कालवायची, बाळाच्या गालाच्या आत सोडायची. रोज सकाळी. बाळंतिणीनं माझ्यासमोर करून दाखवली, नीट केली. मग तिच्या आईनं तो प्रश्न विचारला जो इथं प्रत्येक औषधाला विचारला जातो.

"किती दिवस?"

"रोज. कदाचित जन्मभर."

ती हसली. जन्मभराची गोळी म्हणजे तिला फसवेगिरी वाटली असणार. आमच्याकडं औषध म्हणजे कोर्स. ताप उतरला, औषध बंद. बरं वाटलं, औषध बंद. बरं वाटलं नाही तरी बंद, मग दुसऱ्या डॉक्टरकडं. मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, सण असो, उपास असो, पाहुणे असोत, गोळी चुकवायची नाही, बाळ चांगलं दिसलं तरी नाही. ती "व्हय व्हय" म्हणाली. जीपच्या ड्रायव्हरचं "व्हय व्हय" मला आठवलं.

रक्ताचा निकाल आला, शंकेला जागाच नव्हती. मॅडम खूश होत्या. आमच्या संशोधनात सापडलेलं आणि वेळेत औषध सुरू झालेलं हे पहिलं बाळ होतं. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. कुणीतरी पडद्यावर एक हिरवा ठिपका दाखवला, ते माझं बाळ. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी माझा फोन वाजला. बाळंतीण होती. टेकाडावरून बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता. "अक्का, आईनं गोळी बंद केलीया. पोर बिगाडलं म्हनती. म्या चोरून देत हुते तर पाकीटच लपवून ठेवलंय. तुमी येवा."

मी भाकरी तव्यावर टाकून निघाले नाही एवढंच. जीपमध्ये बसून मी मनातल्या मनात भांडत होते. बाळंतिणीच्या आईशी, ड्रायव्हरशी, मॅडमशी, त्या हिरव्या ठिपक्याशी. या लोकांसाठी मरा, आणि हे पाकीट लपवणार. वाटेत मी ठरवलं होतं, या वेळी गोड बोलायचं नाही.

घर लांबूनच ऐकू आलं. बाळ रडत होतं. कसं रडत होतं! खणखणीत, ताणून, श्वास घेऊन पुन्हा. मला पायवाटेवर दोन मिनिटं उभं राहावं लागलं.

कापणी संपली होती. अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. बाळंतिणीची आई पडवीत होती, मला बघून उठलीसुद्धा नाही.

"आला? आइका आता," ती म्हणाली. "रात न्हाई दिवस न्हाई. घटकाभर खाली ठेवू देत न्हाई. चांगली झोपत हुती पोर. तुमच्या गोळीनं वाट लागली तिची."

"मावशी, रडतंय ते चांगलं आहे!"

"रडतंय ते चांगलं?" तिनं लेकीकडं बघितलं, बाईला वेड लागलंय अशा नजरेनं.

"हो, चांगलं! आधी गप्प होती ते वाईट होतं. मेंदू झोपलेला होता तिचा. आता जागा होतोय. रडू दे तिला, रात्रभर रडू दे, घर डोक्यावर घेऊ दे. पाकीट कुठं आहे? द्या इकडं!" माझा आवाज फाटला होता. शेजारचं घर दूर होतं म्हणून, नाहीतर गर्दी जमली असती.

"माझ्यावर वरडू नगा," तीही पेटली. "म्या बी पोरं वाडवल्यात. आमच्या घरातली पोरं गुनीच. गप ऱ्हानारं पोर वाईट म्हनून कुनी सांगितलं? माझा थोरला—"

तेवढ्यात घराच्या मागून तो आला. मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. कापणीभर तो शेतातल्या माळ्यावर रानडुकरांपासून भात राखत राहायचा, आता भात घरात आलं म्हणून परतलेला. तिशीचा असेल हे चेहऱ्यावरून कळत होतं, पण उंची चौथीतल्या पोराएवढी. रुंद, सुजलेला चेहरा, जाड ओठ, कोरडी, पिवळसर कातडी. हळू चालत तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला, हात पसरले आणि घोगऱ्या आवाजात एकच शब्द बोलला, "दे." बाळंतिणीनं बाळ त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खांद्याला लावलं, कितीतरी वेळा केलेलं असावं अशा सवयीनं, आणि डुलत उभा राहिला. बाळ थोडं शांत झालं.

मी आयुष्यात तो चेहरा समोर कधी पाहिला नव्हता, पण पुस्तकात पाहिला होता. मॅडमनी ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवला होता. जुना फोटो होता, आणि त्या म्हणाल्या होत्या, असं आता बघायला मिळत नाही.

बाळंतिणीच्या आईचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. ती मुलाकडं बघत होती, मग त्याच्या खांद्यावरच्या बाळाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. मी पाकीट घ्यायला आले होते. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. तो तसाच राहिला असता तर बरं झालं असतं.

बाळंतिणीला आमच्या दोघींच्या आधी समजलं असावं. ती उठली, थेट चुलीमागच्या फळीवर हात घातला, डब्यामागून पाकीट काढलं आणि चमचा घेऊन बसली. तिच्या आईनं तिला अडवलं नाही.

"ह्यो बी असाच हुता," आई म्हणाली. "येकदम असाच. उठवून दूद पाजायची म्या. सासू म्हनायची, नशीबवान हाईस."

मी तिच्याशेजारी बसले.

"ह्येच हाय का वो त्याला? ह्या पोरीला जे हाय ते?"

"तपासायला पाहिजे," मी म्हटलं. "रक्त घेते त्याचं. गोळीनं त्याला बरं वाटेल. थंडी कमी वाजेल, थकवा कमी होईल."

"डोकं?"

मी मान हलवली. तिनं ते ताबडतोब स्वीकारलं, जसं काही तिला माहीतच होतं, फक्त विचारायचं म्हणून विचारलं. आत चमच्यावर चमचा घासल्याचा आवाज येत होता.

"ह्यो जल्मला तवा ही गोळी हुती?"

त्या क्षणी मला खोटं बोलायचं होतं. नवीन औषध आहे मावशी, आत्ता निघालंय, असं म्हणायला काय लागलं असतं? तिला कुठून कळणार होतं? पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला ते जमलं नाही.

"होती," मी म्हटलं.

"कुटं हुती?"

"बेळगावात. मोठ्या औषधाच्या दुकानात मिळायची."

मुलगा बाळाला घेऊन अंगणात गेला होता, पेंढ्यांच्या सावलीत येरझाऱ्या घालत होता. त्याच्याकडंच बघत ती बोलली, माझ्याशी नव्हे.

"बेळगावला गेलेलो की आमी. नंदंच्या लग्नाचं कापड घ्याला. ह्याला बी नेलेलं, सात-आट म्हैन्याचा आसंल. दिवसभर बाजारात फिरलो. कापडवाला म्हनाला, काय गुनी पोर हाय वो तुमचं, येवढ्या गर्दीत येकदा बी रडलं न्हाई."